समुद्रातला माड

"तोंड फिरव, मेस्त्री," न्हानूकाका म्हणाले. "आणि काचेत बघू नको. काचेत दिसता, माका म्हायत आसा."

मी पाना खाली ठेवला आणि केबिनच्या फळीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे कापड सरकल्याचा आवाज आला. मग बटणांचे. टुक, टुक, टुक. मध्येच थांबत, पुटपुटत, देवाची नावं घ्यावीत तसे ते आकडे म्हणत होते. मी हसू दाबत होतो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, देवगड बंदरातला सगळ्यात जुना तांडेल, अख्खी ट्रॉलर ज्याच्या शब्दावर चालते, तो एका डब्यासाठी मला शाळेतल्या पोरासारखं भिंतीकडे तोंड करून उभा करत होता.

डबा म्हणजे त्यांचं जुनं जीपीएस. सात इंची पडदा, कोपऱ्यावर चीर, आणि समोर त्यांच्या घरच्यांनी शिवून दिलेलं जांभळं फुलाफुलांचं कापड, वरून दोरीत ओवलेलं. समुद्रात जाळं टाकायची जागा आली की काका ते कापड जरासं उचलून आत बघत. खलाशी त्या वेळी आपणहून दुसरीकडे बघत. तसा रिवाजच होता. दुसऱ्याच्या ताटात आणि तांडेलाच्या जीपीएसमध्ये डोकावायचं नसतं. किती वाव खोल पाण्यात कुठला मासा कुठल्या महिन्यात लागतो, कुठे खडक आहे, कुठे जाळं फाटतं, हे सगळं त्या डब्यात टिंबाटिंबांनी होतं. बोट मालकाची, जाळं मालकाचं, डिझेल मालकाचं. टिंबं तांडेलाची. त्या टिंबांवरच तांडेलाची सुकाणूवरची जागा टिकून असते, हे बंदरावर कुणाला सांगावं लागत नाही.

"एकशे त्रेचाळीस," काका शेवटी म्हणाले. "सगळे आसत. वळ आता."

मी वळलो. कापड खाली आलं होतं.

माझ्याकडे प्रत्येक बोटीचं एक पान असलेली वही असे. कुठली वायर कुठून गेली, फ्यूज कुठे, ते मी लिहून ठेवी. आणि समासात माणसांच्या नोंदी, कारण वायरीपेक्षा माणसं जास्त वेळा बिघडतात. या बोटीच्या पानावर मालक मालंडकर शेठपुढे लिहिलं होतं: 'गप्प राहिले तर समजावं, पटलंय.' त्यांच्या जावयाच्या नावापुढे: 'विचारतो फार, ऐकतो कमी. डोंबिवली.' न्हानूकाकांपुढे मी त्या दिवशी लिहिलं: 'पडदानशीन.' मला माझंच कौतुक वाटलं होतं.

रवळू मालंडकर शेठनी ती नवी ट्रॉलर बांधली होती आणि वेरावळला जाऊन आल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं. तिकडच्या बोटींवर म्हणे सगळी यंत्रं एकमेकांशी बोलतात. रडार, मासे दाखवणारं यंत्र, होकायंत्र, सुकाणू आपोआप धरणारं यंत्र, सगळं एका मोठ्या पडद्यावर. आमच्या बंदरात तोवर प्रत्येक डबा आपापली वायर घेऊन वेगळा बसलेला असे, भाऊबंदकीत वाटण्या झाल्यासारखा. हे जोडकाम शिकायला मी मुद्दाम कोचीला जाऊन आलो होतो. ही माझी पहिली बोट. ही नीट झाली तर शेठची दुसरी बोट आणि त्यांच्या नात्यातल्या चार बोटी माझ्याकडेच येणार होत्या.

काम तीन दिवसांत झालं. बोटीच्या पुढच्या नाळेपासून मागच्या टोकाच्या वरामापर्यंत एकच जाड वायर, तिच्या दोन्ही टोकांना बुचं, आणि मध्ये जागोजागी फाटे. प्रत्येक यंत्र आपल्या फाट्यावर. अडलं ते काकांच्या डब्यापाशी. जुन्या बोटीवरून उतरवताना त्याचा अँटेना हातात तुटून आला. आत मिठाने सगळं खाल्लेलं. अँटेना नाही म्हणजे डब्याला आपण कुठे आहोत ते कळणार नाही.

मी म्हटलं, काळजी नको, डबा या नव्या यंत्रांच्याच कंपनीचा आहे, मोठ्या वायरीवर जोडतो. डोलकाठीवरच्या नव्या अँटेनाकडून त्याला जागा कळेल, वर पाण्याची खोलीही कळेल. काकांना ते पसंत नव्हतं. वायर म्हणजे काय, तिच्यातून काय जातं, काय येतं, असं खोदून खोदून विचारत राहिले. शेवटी मी त्यांना पंगतीचं उदाहरण दिलं. सगळे एका ओळीत बसलेत, वाढणारा वाढत जातो, ज्याला जे हवं ते तो घेतो.

काकांनी बराच विचार केला.

"म्हणजे माझो डबो पंगतीत जेवतलो. वाढतलो नाय मां?"

"नाय ओ काका. तुमचो डबो फक्त जेवतलो."

"बघ हां."

"बघतंय," मी म्हटलं.

पूजा नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी होती. बोटीला झेंडूच्या माळा, नाळेवर हळदकुंकू, जेट्टीवर मांडव. पाहुण्यांना केबिन दाखवायचं म्हणून शेठ वर आले, मागे जावई तुषार. नवा बारा इंची पडदा चकचकीत लागलेला. त्यावर निळा समुद्र, मधोमध बोटीचं चिमुकलं चित्र. बस.

"मेस्त्री," शेठ म्हणाले, "ह्येच्यात काय नायच. पावण्यांका काय दाखवू? निळो रंग?"

तुषार हसला. म्हणाला, "पप्पा, आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये याच्यापेक्षा जास्त दिसतं."

न्हानूकाका तेव्हा खाली नाळेवर होते. नारळ फोडायचा मान त्यांचा. त्यांच्या डब्याची वायर तेवढी जोडायची राहिली होती. मी ती जोडली.

नंतर ज्या ज्या लोकांनी विचारलं त्यांना मी सांगितलं ते असं: वायर जोडली आणि टिंबं आपोआप मोठ्या पडद्यावर आली. नवी यंत्रं असंच करतात.

आली मात्र सुंदर. रिकाम्या निळ्यावर एकेक टिंब उमटत गेलं, किनाऱ्याजवळ दाट, खोल पाण्यात विरळ, जवळजवळ अमावास्येच्या आभाळासारखं. पाहुणे केबिनच्या दारात गोळा झाले. कुणीतरी वा म्हटलं. प्रत्येक टिंबापुढे आकडा होता, एकपासून एकशे बेचाळीसपर्यंत. एकाला मात्र आकडा नव्हता. तिथे एक झाड होतं. त्या कंपनीच्या यंत्रात चित्रं असतात, मासा, नांगर, कवटी, त्यातलंच एक माडाचं.

"समुद्रात माड?" तुषार म्हणाला. "हे काय आहे, मेस्त्री?"

मी म्हटलं, चुकून बटण दाबलं गेलं असेल. खाली नारळ फुटल्याचा आवाज आला, लोक ओरडले. शेठनी पडद्याचा उजेड कमी केला, माझ्या हातावर प्रसादाचा शिरा ठेवला, मग परत ठेवला. दुप्पट. गप्पच. माझ्या वहीत त्याचा अर्थ लिहिलेला होता.

काका वर आले तेव्हा पडदा काळा होता आणि त्यांच्या डब्यावर जांभळं कापड नीट ओढलेलं होतं. त्यांनी ते जरा उचलून पाहिलं, जागा बरोबर येतेय म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

तीन आठवड्यांनी ते माझ्या दुकानात आले. धुतलेला पांढरा शर्ट घातला होता, लग्नाला जावं तसा. खुर्चीवर बसले. चहा नको म्हणाले. मी काहीतरी थट्टा केली, डबा जेवतोय ना म्हणून. ते हसले नाहीत.

तुषार हल्ली प्रत्येक फेरीला बोटीवर असतो, ते सांगू लागले. मालकाचा माणूस, नाही कसं म्हणणार. मोठ्या पडद्यासमोर उभा राहतो. "मी कापड वर करूच्या आधीच तो सांगता, काका, जरा डावीकडे घ्या." एवढं बोलून त्यांनी टेबलावरची माझी कात्री उचलली, उघडली, मिटली, परत ठेवली. मला वाटलं, आता शिव्या घालणार. मी आपोआप, नवी यंत्रं, सॉफ्टवेअर असं काहीबाही बोलायला लागलो. त्यांनी हात वर केला.

"ऱ्हवांदे. एकशे बेचाळीस ऱ्हवांदेत थंय. समुद्र काय माझ्या बापाशीचो नाय. तो माड तेवढो पूस."

मी विचारलं, त्या माडाचं एवढं काय?

त्यांनी रस्त्याकडे तोंड केलं. मग सांगितलं, अगदी तुटक. त्यांचा धाकटा भाऊ मोतीराम एकोणीस वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या आठवड्यात होडी घेऊन गेला. वादळ झालं. होडी आली नाही, माणसं आली नाहीत, काही सापडलंच नाही. पुढे तीन वर्षांनी बावीस वाव खोल पाण्यात काकांचं जाळं अडकलं. ओढून काढलं तर त्यात एक फळी. हिरवी, पिवळी पट्टी, आणि होडीच्या नावातली दोन अक्षरं. ती अक्षरं त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवली होती. फळी त्यांनी परत पाण्यात सोडली आणि जागा डोक्यात ठेवली, पुढे डबा आला तेव्हा डब्यात. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या फेरीला ते तिथे इंजिन मंद करतात, एक नारळ सोडतात आणि पुढे जातात. त्या जागेवर जाळं नाही, गळ नाही. कुणाला सांगितलेलं नाही.

"कोणाकच? घरात पण?"

"भावजय अजून कुंकू लावता," ते म्हणाले.

मला कळायला थोडा वेळ लागला. काही सापडलं नाही म्हणून ती वाट बघत होती. सापडलं म्हटलं की संपलं.

"थंय मोतीराम आसा," काका म्हणाले. "पूस तेवढो."

दुकानाच्या दारातून जेट्टी दिसत होती. बोट समोर बर्फ भरत होती. केबिन उघडं. तुषार हॉटेलात वडे खात बसलेला मला इथून दिसत होता. चढायचं, तीन बटणं दाबायची, उतरायचं. पाच मिनिटांचं काम. पण उद्या तुषारने विचारलं, माड कुठे गेला, तर? शेठच्या यंत्रात मेस्त्री शेठला न विचारता हात घालतो, हे एकदा बंदरावर झालं की पुढच्या पाच बोटी कुठे जातील ते मला पाठ होतं.

"शेठांका विचारूचा लागतला, काका," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी दुसऱ्यांची नजर वाचण्यात हुशार समजला जातो, पण त्या वेळी मी टेबलावरचे स्क्रू वेगळे करत होतो.

"विचार," ते म्हणाले. "पण थंय काय आसा, ता सांगू नको." उठले. दारात थांबले. "तू म्हणालंस, फक्त जेवतलो."

मी शेठना विचारलं नाही. कारण विचारलं तर ते का म्हणून विचारतील आणि मग काय सांगू, असं मी स्वतःला सांगितलं. हे फार सोयीचं कारण होतं. त्यात काकांचं गुपितही राखलं जात होतं आणि माझी पाच बोटींची कामंही. एक दिवस गेला, दुसरा गेला. बोट फेरीवर गेली, आली, परत गेली.

आठव्या दिवशी संध्याकाळी तुषार बाइकवरून घरी आला. मागे ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तांबोशी, पाच किलोची, गालापर्यंत लालबुंद. असा मासा आमच्याकडे जेट्टीवरूनच बाहेर जातो, घरात येत नाही.

"पप्पांनी दिलाय," तो म्हणाला. "म्हणाले, हा मेस्त्रीच्या यंत्राचा मासा, पहिला मान त्याचा."

मी कुठे मिळाला विचारलं का? नाही. मला विचारावंसं वाटलं होतं एवढं आठवतं. बायकोने निम्मा तळला, निम्म्याचं कालवण केलं, शेजारी वाटी गेली. डोकं माझ्या ताटात आलं. मी ते निगुतीने, हाडन् हाड चोखून खाल्लं. बायकोला म्हटलंसुद्धा, याला म्हणतात मासा.

सकाळी मी जेट्टीवर गेलो. शेठच्या दुसऱ्या बोटीचं माप घ्यायचं होतं. नव्या बोटीचे खलाशी जाळं धूत होते. सुकाणूजवळची काकांच्या डब्याची जागा रिकामी होती. डबा नव्हता, कापड नव्हतं, वायरीचं टोक लोंबत होतं.

"काका खंय?"

खलाशांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातला जरा वयस्क, बावकर, हळू आवाजात सांगू लागला. परतीच्या वाटेवर तुषारने पडद्यावरचा माड दाखवून विचारलं, काका, तिकडे काय? काका म्हणाले, खडक आहे, जाळं फाटेल. तुषार म्हणाला, खडक आहे तर मासा असणारच, जाळं कशाला, गळ टाका. कालवणापुरते गळ बोटीवर असतातच. काका एवढंच म्हणाले, थंय नको. का नको, ते सांगेनात. तुषारने स्वतः सुकाणू घेतलं. मोठ्या पडद्यावर बघत बघत बरोबर माडावर नेऊन बोट उभी केली.

"आणि काका?"

"मागे जाऊन बसले, वरामावर. आमच्याकडे पाठ करून. अकरा गावली, मेस्त्री. एकेक चार-पाच किलोची. इतके वरडत होतो आम्ही, पण ते काय एकदा वळले नाय."

बंदरात आल्यावर काकांनी स्वतःच पान्याने डबा उतरवला, कापडात बांधला, काखेत घेतला आणि गेले. शेठनी थांबा म्हटलं नाही. सुकाणू पुढच्या फेरीपासून तुषारकडे.

मी दुसऱ्या बोटीचं माप त्या दिवशी घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात घेतलं. पाचही बोटी मीच केल्या. हे सांगायला हवं, नाहीतर कुणाला वाटेल मी काही सोडलं.

त्याआधी एकदा मात्र मी मिठमुंबरीला काकांच्या घरी गेलो. एक नवा अँटेना घेतला होता, पिशवीत, आणि डबा चालू करायला लहान बॅटरी. ते पडवीत जाळ्याची भोकं सांधत बसले होते. या म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. आतून एक बाई चहा घेऊन आल्या. पन्नाशीच्या, हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. कप ठेवून आत गेल्या. मी कप बाजूला सरकवला.

मी अँटेना पुढे केला. हा लावला की डबा पुन्हा चालेल, म्हटलं. डबा तिथेच फळीवर होता, कापडाआड. एकशे त्रेचाळीस जागा पोटात घेऊन. फक्त आपण कुठे आहोत, हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं.

"खंय चलतलो तो आता," काका म्हणाले. सुई जाळ्यातून काढली. "तुका पण एक दिल्यानी मां?"

मला वाटलं खोटं बोलावं. जमलं नाही.

"होय."

"चवीक बरी होती?"

"होय, काका."

"असतली. सोळा वर्सां थंय कोणी गळ टाकूक नव्हतो."

ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. ते खरोखरच विचारत होते. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी तिकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "पुसूचा कसा, ता माका शिकव. आता ठेवून तरी काय करू. सगळ्यांचोच झालो तो माड."

मी बॅटरी जोडली. सांगितलं: जागा निवडा, टुक होईल. मग पुसण्याचं बटण, पुन्हा टुक. मग यंत्र एकदा विचारतं, खरंच पुसू का, हो की नाही. हो दाबलं की लांब आवाज होतो. तिसरा. की झालं.

"इचारता?" काका म्हणाले.

"होय. इचारल्याशिवाय काय करणा नाय."

आणि हे तोंडातून गेल्यावर मला केबिन दिसलं. पूजेचा दिवस. मी वायर जोडली होती आणि मोठ्या पडद्यावर एक चौकट आली होती. दुसऱ्या यंत्रात १४३ जागा आहेत, इकडे घेऊ का? हो. नाही. दारात पाहुणे होते, निळा पडदा रिकामा होता, जावई लिफ्टचं बोलून गेला होता. मी 'नाही' दाबलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. माझा अंगठा 'हो'वर गेला. आपोआप काहीच झालं नव्हतं.

काका माझ्याकडे बघत होते. त्यांना ते कळलं का, मला माहीत नाही. मी सांगितलं नाही. आता काका नाहीत, आणि त्यांची भावजय गेल्या वर्षी कुंकवासकट गेली, म्हणून एवढं लिहितोय.

"तोंड फिरव, मेस्त्री," ते म्हणाले.

मी पडवीच्या भिंतीकडे तोंड केलं. चुन्याची भिंत, तिथे काच नव्हती. मागे कापड सरकलं. बराच वेळ काही नाही. टुक. थोड्या वेळाने दुसरा, टुक. आतली भांडी थांबली होती. मी तिसऱ्या आवाजाची वाट बघत उभा राहिलो. समोर भिंतीवरून एक मुंगी गेली, परत आली. माझे पाय अवघडले.

मग आला तो कापड ओढल्याचा आवाज.

"झाला," न्हानूकाका म्हणाले. "वळ आता."

मी वळलो. काही न विचारता बॅटरीची वायर काढली.